तोच हा देवदत्त

नाव पेशंटने आपल्याच तोंडाने सांगायचं, असा लॅबचा नियम होता. सपना नावाची ती पोरगी सकाळी साडेसातला रक्त घ्यायला घरी आली. तिने आगाशांच्या दंडाला रबर बांधलं, कोपराच्या खळीत दोन टिचक्या मारून शीर शोधली आणि नळीवर चिकटवायचं लेबल हातात धरून म्हणाली, "आजोबा, नाव बोला तुमचं. पूर्ण नाव." आगाशे हसले. हल्ली ते फार गोड हसायचे; नोकरीत असताना इतकं हसले असते तर चार माणसं जास्त जोडली असती. मग त्यांनी मान वळवून दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि चष्मा कुठे ठेवलाय असं विचारावं तितक्या सहज विचारलं, "अहो, माझं नाव काय हो?" वसुधाचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. नाव माहीत नव्हतं असं थोडंच! दाराबाहेरच्या पाटीवर होतं, विजेच्या बिलावर होतं, तिच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध सत्तेचाळीस वर्षं ठाण मांडून बसलेलं होतं. पण ते घशातून वर येईना. सपना सुई धरून थांबलेली, आगाशे वाट बघतायत, आणि ही बाई खांबासारखी उभी. शेवटी तिने कपाटातून आधार कार्ड काढून आणलं आणि पोरीच्या डोळ्यांसमोर धरलं. "देवदत्त विष्णू आगाशे," पोरीने वाचलं, "बरोबर ना आजोबा?" आगाशांनी ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले, "कोणाचं?" सपनाला हसू फुटलं, पण वसुधाकडे लक्ष जाताच तिने ते गिळलं आणि मुकाट्याने सुई टोचली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "आजी, तुम्ही सांगितलं असतं तरी चाललं असतं हां. घरातलं माणूस चालतं."

चाललं असतं, म्हणे. दार लावून वसुधा तिथेच कडीला हात लावून उभी राहिली. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. बी.ए. झालेल्या वसुधाला हे ऐकून मनातल्या मनात हसू आलं होतं. तरी तिने नाव घेतलं नाही ते नाहीच. उखाण्यात घेतलं, लग्नात, मंगळागौरीला, डोहाळजेवणात. पण ते बायकांच्या घोळक्याला ऐकवायचं, घाईघाईत, पुढे 'राव' लावून. ती काही हाक नव्हे. हाक मारायची म्हणजे त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मारायची. आणि त्यांनी ती मागितली होती. माथेरानला, लग्नानंतर महिन्याभराने, एका तापलेल्या दगडावर दोघं बसले होते, त्यांचे कुरळे केस वाऱ्याने कपाळावर येत होते, आणि ते म्हणाले, "एकदा नावाने हाक मार ना मला. इथे कोण आहे ऐकायला?" ती म्हणाली, "माकडं आहेत." ते इतके हसले की शेजारच्या झाडावरची खरंच पळाली. मग तिचा हात थोपटून म्हणाले, "बरं, राहू दे. सावकाश." सावकाश हा त्यांचा लाडका शब्द होता. जिना चढताना, पोळी भाजताना, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर टॅक्सीत, सगळीकडे सावकाश. सासूबाई गेल्या, मुलगा हर्षद मोठा झाला, त्याची बायको आली आणि ती हर्षदला सरळ हर्षद म्हणू लागली. तेव्हा एकदा वसुधाने न्हाणीघरात दार लावून, नळ सोडून, ते नाव उच्चारून पाहिलं होतं. बाहेर आली, ते पेपर वाचत होते, आणि तिच्या तोंडून निघालं, "अहो, चहा घेणार ना?" पुन्हा कधी त्यांनी मागितलं नाही. तिने दिलं नाही. आज मागितलं, तर कोणी मागितलं तेच कळेना. आता दिलं तर घ्यायला आत कोणी आहे का, ही तिची भीती होती.

चहात मारी बुडवून खाताना आगाशांनी तिला दोनदा "आभारी आहे" म्हटलं. पूर्वी ते तिला 'अगं' म्हणायचे. तीन महिन्यांपासून 'अहो' म्हणायला लागले होते, आणि ती कोणी शेजारची भली बाई आहे अशा अदबीने वागायचे. बाकी शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, डॉक्टर म्हणाले तुम्ही नशीबवान आहात. हो, फारच! नऊ वाजता मालाडहून हर्षदचा फोन आला. "आई, फॉर्म पाठवलाय, बघितलास? उद्या सकाळी नऊला त्यांची गाडी येईल. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय, नाहीतर तो बेड दुसऱ्याला देतील." बदलापूरच्या पुढे कुठेतरी ती जागा होती, स्वच्छ होती, हर्षद स्वतः जाऊन जेवण चाखून आला होता. पोरगा वाईट नव्हता. आईचे गुडघे त्याला दिसत होते, मागच्या महिन्यात बाबांना उचलताना ती पडली ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. "हे बघ आई, मलाही त्रास होतोच ना. पण बाबा तुला ओळखत नाहीत गं. मग ते इथे काय आणि तिथे काय, त्यांना काय फरक पडतो? तू सांग ना, पडतो का?" ती म्हणाली, "बघते." फॉर्ममध्ये बाकी सगळं हर्षदने भरलं होतं. एकच ओळ रिकामी होती: 'घरातील कोणाकोणाला ओळखतात?' तिथे काय लिहायचं ते त्याने आईवर सोडलं होतं.

त्यांना फरक पडतो का? या प्रश्नाचं उत्तर तिच्यापेक्षा तेच चांगलं देऊ शकले असते. एकतीस वर्षं त्यांनी दुसरा उद्योग काय केला? दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात, मुलुंड पूर्वेच्या या पुढच्या खोलीत आगाशे सरांचा वेदान्ताचा वर्ग भरायचा. दिवसभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढणारा माणूस शनिवारी वेताच्या खुर्चीत ताठ बसायचा आणि खाली सतरंजीवर बारा-पंधरा जणांना सांगायचा की हे यंत्र म्हणजे तुम्ही नव्हे. देह तुम्ही नव्हे, मन तुम्ही नव्हे, नाव तर नव्हेच नव्हे. वसुधा वर्गात कधी बसली नाही. तिला कोणी बस म्हटलं नाही आणि तिनेही बसते म्हटलं नाही. पंधरा जणांची कॉफी काय आकाशातून पडणार होती? पण स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये एक पडदा होता, आणि पडद्यातून सगळं ऐकू यायचं. माती खरी आणि मडकं हा नुसता आकार, हे तिने कढई घासताना ऐकलं होतं. दोरीवर भासलेल्या सापाचं तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तो साप तिला घरचाच वाटायचा. अर्थ कळायचा, पटायचाही, पण मग तिच्या मनात एक वाकडा विचार यायचा: जगाला सांगतात नाव खोटं, आणि त्याच खोट्या वस्तूसाठी एकदा माझ्या मागे लागले होते की नाही? तेव्हा खरं बोलत होते की आता? पण विचारायला जावं तर कॉफी ऊतू जायची.

त्यांचं सगळ्यात आवडतं उदाहरण त्यांच्या स्वतःच्या नावाचं होतं. शास्त्रातलंच जुनं उदाहरण. ते म्हणायचे, माझ्या वडिलांनी मुलाचं नाव ठेवलं नाही, दृष्टान्त ठेवला. मग सुरू व्हायचे. समजा, पुष्कळ वर्षांपूर्वी तुम्हाला काशीला एक देवदत्त भेटला होता. सडपातळ, डोक्यावर केसांचं जंगल. आज मुलुंडच्या मंडईत दुधी निवडताना एक टकल्या ढेरपोट्या म्हातारा दिसतो, आणि तुम्ही ओरडता, अरे, तोच हा देवदत्त! कसा काय तोच? काशी तिकडे राहिली. ते केस गेले. तो काळ गेला. तर काशी सोडा आणि मुलुंडही सोडा, केस सोडा आणि टक्कलही सोडा, तेव्हा सोडा आणि आत्ता पण सोडा. काय उरलं? इथे सर थांबायचे, स्वतःच्या टकलावरून हात फिरवायचे आणि वर्ग हसायचा. पडद्याआड वसुधाही हसायची. दर वेळी. मग पुढचं सगळं जीव आणि ब्रह्माबद्दल असायचं, ते गंभीर होऊन बोलायचे, आणि ती कपबशा मांडायला घ्यायची.

वर्ग बंद पडला त्याला आता दीड वर्ष झालं. एकाच वाक्यावर ते पाच पाच वेळा यायला लागले, मग वाक्य अर्ध्यावर सोडायला लागले, आणि लोक हळूहळू यायचे थांबले. मधुकर नाडकर्णी तेवढे अधूनमधून यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, वर्गातले सगळ्यात जुने. मागच्या महिन्यात ते आणखी दोघांना घेऊन आले, आगाशांनी त्यांना "आपण कोण?" विचारलं, आणि नाडकर्ण्यांनी त्यांच्या पायांवर सपशेल लोटांगण घातलं. "वहिनी," ते भरल्या गळ्याने म्हणाले, "सर पोचले हो! नाव गेलं, मी-माझं गेलं, समोर कोण आहे हा भेदसुद्धा गेला. आम्ही तीस वर्षं नुसती पुस्तकं उगाळतोय, आणि सर तिथे जाऊन बसले." बरोबरच्या दोघांनीही हात जोडले. वसुधाच्या डोक्यात तिडीकच गेली. "पोचले ना?" ती म्हणाली, "मग मधुभाऊ, तेवढं त्यांना बाथरूमपर्यंत पोचवा. आत्ताच लेंगा बदललाय, परत ओला व्हायचा." नाडकर्णी बिचारे उठले, पोचवून आले, आणि चहा न घेता गेले. ते गेल्यावर तिला वाईट वाटलं. माणूस मनापासून बोलला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं बोलणं कुसळासारखं तिच्या आत रुतून बसलं. खरंच असेल तर? मग समोर बसलाय त्याला बायको नाही, मुलगा नाही, त्याचं त्याला पुरतंय, आणि मऊ भात मी कोणासाठी शिजवतेय? आणि खरं नसेल, तर मग आत काहीच नाही, दिवा गेलेली खोली नुसती. म्हणजे कसंही धरलं तरी माझीच वाट लागली. तेव्हापासून ती त्यांच्या डोळ्यांत बघायची, अंघोळ घालताना, नखं कापताना, घास भरवताना. डोळे स्वच्छ असायचे, आणि ते तिच्याकडे बघून गोड हसायचे. त्या हसण्याचा तिला राग यायचा. ते कोणालाही मिळत होतं, सपनालासुद्धा.

दुपारी ते झोपले तेव्हा ती बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिली. झोपेत ते पूर्वीसारखेच दिसायचे, तोंड थोडं उघडं, उजवा हात कपाळावर. झोपेत नाव नसतं, घर नसतं, बायको नसते, तरी उठल्यावर माणूस म्हणतोच ना की मी छान झोपलो होतो. मग तो 'मी' तेव्हा कुठे होता? हेही पडद्याआडून ऐकलेलंच. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. सकाळच्या सुईपाशी छोटासा निळा डाग पडला होता. "कुठे आहात?" तिने हळूच विचारलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती उठली. गुडघे कडकडले. या गुडघ्यांवर आणखी किती दिवस? पुन्हा पडले तर दोघांना कोण उचलणार? हर्षदचं काय चुकत होतं? नळाचं पाणी येऊन गेलं, मोलकरीण शांताबाई भांडी घासून गेली, खाली पोरांचं क्रिकेट सुरू झालं. पावणेसहा झाले असतील. वसुधाने तोंड धुतलं, डोळे पुसले आणि बॅग काढायला घेतली.

बॅग पुढच्या खोलीतल्या दिवाणाच्या पेटीत, तळाशी होती. तिच्यावर वर्गाची सतरंजी घडी घालून ठेवलेली. सतरंजी काढल्याशिवाय बॅग निघेना, म्हणून तिने ती काढली, आणि हातात मावेना म्हणून जमिनीवर टाकली. पडताना ती अर्धी उलगडली, निळ्या-लाल पट्ट्यांची, एका कोपऱ्यात कॉफीचा जुना डाग. वसुधा बॅगेची चेन उघडून बघत होती, दोन लेंगे, चार सदरे, स्वेटर लागेल का, बदलापूरला थंडी असते का, एवढ्यात मागे पावलं वाजली. आगाशे झोपेतून उठून दारात आले होते. त्यांनी सतरंजी पाहिली. वाकून, धडपडत, त्यांनी तिची राहिलेली घडी उलगडली आणि कोपरे हाताने सरळ केले. मग वेताच्या खुर्चीत जाऊन ताठ बसले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दाराकडे बघत वाट पाहू लागले. वसुधाच्या हातात स्वेटर तसाच राहिला. पाचेक मिनिटांनी ते म्हणाले, "बसा ना. कोणी यायचं राहिलंय?"

इकडे तिकडे बघत ती म्हणाली, "नाही. सगळे आले." आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती सतरंजीवर बसली. एक हात जमिनीला टेकून, एक दिवाणाला, देवाचं नाव घेत. खालून ते फार उंच दिसत होते. बाकी सगळ्यांना ते असे दिसायचे तर! तिला आयुष्यभर त्यांची पाठ दिसली होती, पडद्याच्या फटीतून. "हं," त्यांनी घसा साफ केला, "मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो?" पुढचं वाक्य येईल म्हणून ती थांबली. ते आलं नाही. आगाशांनी तोंड उघडलं, मिटलं, खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली, जणू तिथे काही लिहून ठेवलेलं होतं आणि ते पुसलं गेलं. चेहऱ्यावरचं ते गोड हसू हळूहळू गेलं आणि त्याखाली जे होतं ते तिला पहिल्यांदा दिसलं. भीती होती. वर्गासमोर बसून शब्द न सुचणाऱ्या मास्तरची साधी, घाम फोडणारी भीती. "मला... काही... माफ करा हां," ते म्हणाले, आणि उठायला म्हणून त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पोचले कसले हो मधुभाऊ! आणि रिकामे तरी कुठे? हा बघा, इथे बसलाय माझा माणूस, घाबरून, दीड वर्ष कोणाला न सांगता. वसुधाला इतकं भडभडून आलं की तिला वाटलं आता आपण रडणार. पण रडायला वेळ कुठे होता, वर्ग खोळंबला होता.

"मी सांगते," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही उदाहरण देत होतात. एक माणूस होता. पुष्कळ वर्षांपूर्वी दिसला होता." तिला वाटलं काशी म्हणावं, पण तोंडून निघालं, "माथेरानला." आगाशे ऐकत होते. पकड तशीच होती पण नजर तिच्यावर होती. "कुरळे केस होते त्याचे, वाऱ्याने सारखे कपाळावर यायचे. सडपातळ होता. हसला की झाडावरची माकडं पळायची." "बापरे," आगाशे म्हणाले. "हो ना. आणि आज तो इथे दिसतोय. मुलुंडला. टक्कल पडलंय, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेलीय. आपलं नाव दुसऱ्यांना विचारत फिरतो. तर तुम्ही म्हणायचात, माथेरान सोडा. मुलुंड सोडा. केस सोडा, टक्कल सोडा." तिचा आवाज फाटायला लागला. "मला कोण ओळखतं आणि कोण नाही, तेसुद्धा सोडा. मग काय उरलं? तुम्ही विचारायचात आणि थांबायचात. मी तिकडे आत ऐकायची. उत्तर यायचं दर वेळी माझ्या तोंडावर. तर उत्तर असं की, तोच हा..." आणि तिथे गाडी अडली. सासूबाई डोळ्यांसमोर आल्या, न्हाणीघरातला नळ आला, ते माथेरानचं ऊन आलं. वाट बघत आगाशे खुर्चीत पुढे झुकले होते. तिने त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"देवदत्त," ती म्हणाली.

"ओ," ते म्हणाले.

लगेच. विचार न करता, आठवायचा प्रयत्न न करता. मागच्या दारातून कोणी हाक मारली की घरातला माणूस देतो, तशी साधी ओ. मग आपण काय बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं. खुर्चीच्या हातांवरची पकड सुटली होती. "देवदत्त," तिने पुन्हा म्हटलं, या वेळी शब्दाची चव घेत, आणि ते पुन्हा म्हणाले, "ओ. आलो." तिसऱ्यांदा म्हणताना तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. काय बाई मी! एवढंसं होतं, तर सत्तेचाळीस वर्षं कशाला धरून बसले? आयुष्य कमी व्हायचं ते आपोआप झालंच की.

दिवाणावर फोन वाजला. हर्षद होता. "आई, काय ठरलं? त्यांना आत्ता सांगायचंय. बॅग भरलीस का?" ती म्हणाली, "आत्ता नको रे, वर्ग चालू आहे." "कसला वर्ग?" "बाबांचा. शनिवार आहे ना आज. आणि हे बघ, उद्या गाडी नको. रात्रीच्यासाठी एक बाई बघ, धडधाकट, उचलणारी. माझे गुडघे गेलेत, ते मी नाही म्हणत नाही. पण गाडी नको." "आई, अगं पण त्या फॉर्ममध्ये..." "फॉर्ममध्ये लिही, हाक मारली की ओ देतात." पलीकडून हर्षद म्हणाला, "बरं. मी येतो उद्या. मग बोलू." आणि त्याने फोन ठेवला.

तिने फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला. खालून पोरांचा आउटचा ओरडा आला. आगाशे तिच्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, नकाशावरची एखादी चुकलेली रेघ शोधत असल्यासारखे. "तुमचं नाव," ते म्हणाले, "थांबा हां, सांगू नका. मला माहीत आहे. अगदी तोंडावर आहे." वसुधाने सतरंजीवरून हात लांबवून त्यांची चुकलेली गुंडी सोडली आणि बरोबर काजात घातली.

"राहू दे," ती म्हणाली. "सावकाश."